सूर्य मावळण्याआधीची मजुरी

मराठीतला 'पगार' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या भाषेत 'पागार' या क्रियापदाचा अर्थ पैसे चुकते करणे, ऋण फेडणे असा होतो, इकडे सहसा लक्ष जात नाही. गोव्यात कोकणी बोलणारी माणसे महिन्याच्या वेतनाला आजही 'पाग' म्हणतात. मजुरी ही मालकाने खुशीने हातावर ठेवलेली देणगी नसून काम संपताक्षणी त्याच्या डोक्यावर चढलेले देणे आहे, हा विचार त्या शब्दाच्या मुळातच आहे. वेतन, संपत्ती आणि सरकारची जबाबदारी यांविषयी ख्रिस्ती धर्मपरंपरेत जे बोलले आणि भांडले गेले, त्याचा मोठा भाग देणगी आणि देणे यांतल्या या फरकाभोवती फिरतो. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात दर चार माणसांमागे एक ख्रिस्ती आहे, आणि तरीही त्यांच्या धर्मात मजुरीविषयी एक सविस्तर शिकवण आहे, हे शेजारी राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी वाचकांना क्वचितच माहीत असते. खरे सांगायचे तर ते पुष्कळ ख्रिस्ती शेजाऱ्यांनाही माहीत नसते.

या विचाराची सुरुवात येशूच्या कितीतरी आधीची आहे. ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात, त्या यहुदी शास्त्रातील 'अनुवाद' या ग्रंथात चोविसाव्या अध्यायात एक अगदी व्यवहारी नियम येतो: मोलकऱ्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. हा मोलकरी आपल्यातला असो वा बाहेरून येऊन राहिलेला असो, नियम एकच, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. ज्या राज्यात बांधकामावर, हॉटेलांत आणि मासेमारीच्या बोटींवर राबणारी बहुतेक माणसे 'भायली', म्हणजे बाहेरची, म्हणून ओळखली जातात, तिथे नियमाचा हा दुसरा भाग जास्त टोचावा. 'लेवीय' या ग्रंथात तोच नियम थोड्या वेगळ्या शब्दांत येतो आणि शेजारीच शेताविषयीचा दुसरा नियम येतो: कापणी करताना शेताच्या कडा कापू नयेत, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावीत. शेतकऱ्याने ती कणसे स्वतः वेचून मग गरिबाला वाटावीत, असे शास्त्र म्हणत नाही. ती मुळात त्याची नाहीतच, असे ते म्हणते. यिर्मया संदेष्टा तर शेजाऱ्याला फुकट राबवून स्वतःचा महाल उभारणाऱ्या राजालाच शाप देतो. नव्या करारात याकोबाच्या पत्रात न दिलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आक्रोश देवाच्या कानी पोहोचतो, असे जळजळीत चित्र आहे.

आपल्या संसदेने २०१९ मध्ये मंजूर केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता याच प्रश्नाला हात घालते. रोजंदारीच्या माणसाला पाळी संपताच पैसे मिळावेत, आठवड्याच्या हिशेबाने काम करणाऱ्याला आठवड्यातील शेवटच्या कामाच्या दिवशी, आणि महिन्याच्या पगारदाराला पुढच्या महिन्याचा सातवा दिवस उलटण्याआधी, असे तिचे कलम सांगते. शास्त्र आणि संहिता यांच्यामध्ये अडीच हजार वर्षे आहेत, पण उशिरा दिलेली मजुरी ही कापलेली मजुरीच असते, एवढे दोघांनाही समजलेले आहे.

येशूच्या शिकवणीतील सर्वांत वादग्रस्त मजुरी मात्र द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आहे, आणि तो दाखला समजून घ्यायला सकाळी म्हापशाला किंवा मडगावला मजूर जिथे कामाची वाट पाहत उभे असतात, ते दृश्य डोळ्यांपुढे आणणे पुरेसे आहे. मळ्याचा मालक पहाटे नाक्यावर जातो आणि एका दीनारावर माणसे ठरवतो. एक दीनार म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज. पुन्हा तो नऊच्या सुमारास, दुपारी, तीन वाजता आणि दिवस संपायला तासभर उरला असता जातो, आणि प्रत्येक वेळी उरलेली माणसे कामाला लावतो. शेवटच्या खेपेस तो त्यांना विचारतो की दिवसभर रिकामे का उभे आहात, आणि ती म्हणतात, आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. संध्याकाळी तो सगळ्यांना एकेक दीनार देतो. पहाटेपासून उन्हात राबलेले साहजिकच कुरकुरतात, आणि मालक म्हणतो की तुमच्याशी ठरले तेवढे मी दिले आहे. माझ्या पैशाचे मला वाटेल ते करण्याची मला मोकळीक नाही काय?

या एका वाक्यावर दोन तट पडलेले आहेत. काही भाष्यकार, विशेषतः मुक्त बाजारपेठेचा पुरस्कार करणारे अमेरिकी प्रोटेस्टंट लेखक, यात कराराचे आणि खाजगी मालकीचे समर्थन पाहतात: दोघांनी मिळून ठरवली ती मजुरी न्याय्य, तिसऱ्याने त्यात पडू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की शेवटच्या तासाला आलेल्या माणसाचेही पोट पूर्ण दिवसाचे असते, आणि मालकाने ते पोट पाहून मजुरी दिली, घड्याळ पाहून दिली नाही. माझ्या मते हा दाखला मुळात देवाच्या कृपेविषयी आहे आणि त्यातून वेतनाचे दरपत्रक काढणे ही दोन्ही बाजूंची ओढाताण आहे. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ऐकणाऱ्यांना दीनाराची किंमत माहीत होती, आणि दीनाराहून कमी पैशात त्या रात्री घरात चूल पेटणार नाही, हेही माहीत होते.

संपत्तीविषयी येशू जे बोलला ते इतके कडक आहे की ते सौम्य करण्यात कित्येक पिढ्यांचे पांडित्य खर्ची पडले आहे. सुईच्या नाकातून जाणारा उंट, कोठारे वाढवण्याच्या बेतात असताना त्याच रात्री मरणारा शेतकरी, दाराशी पडलेल्या लाजरस नावाच्या भिकाऱ्याकडे न पाहता रोज मेजवान्या झोडणारा श्रीमंत, ही चित्रे प्रत्येक इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, वाचली जातात. चौथ्या शतकात बासिल, अँब्रोज आणि योहान ख्रिसोस्तोम या बिशपांनी त्यांचा सरळ अर्थ लावला. तुझ्या कपाटात पडून असलेली भाकरी भुकेल्याची आहे, असे बासिलने श्रीमंतांना सुनावले. गरिबाला देताना तू आपले काही देत नाहीस, त्याचेच परत करतोस, असे अँब्रोजने म्हटले. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या धर्मपंडिताने हा विचार शिस्तीत बसवला. वस्तू सांभाळण्याच्या सोयीसाठी खाजगी मालकी योग्य आहे, परंतु सृष्टीतील संपत्ती सर्वांच्या निर्वाहासाठी आहे, आणि जिवावर बेतलेल्या माणसाने दुसऱ्याचे अन्न घेतले तर ती चोरी ठरत नाही, इतक्या टोकापर्यंत तो गेला. गांधीजींची विश्वस्ताची कल्पना ज्यांना परिचित आहे, त्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल. पुढे पोप जॉन पॉल दुसरे यांनी यासाठी बँकेच्या भाषेतला शब्द वापरला: प्रत्येक खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाणखत असते.

हे सगळे गोव्यात वाचताना इतिहास मध्ये येतो, आणि तो येऊ द्यावा. सोळाव्या शतकात तिसवाडी, बार्देश आणि साष्टी या तालुक्यांतली देवळे पाडली गेली, तेव्हा देवळांच्या नावे असलेल्या जमिनी इगर्जींकडे आणि धर्मसंघांकडे वळवण्यात आल्या. पुढच्या काळात भाटकार, म्हणजे जमीनमालक, हिंदू असो वा ख्रिस्ती, त्याच्या भाटात, म्हणजे बागायतीत, घर बांधून राहणाऱ्या मुंडकाराला नारळ राखणे, घरकाम करणे, बोलावले की धावत जाणे ही कामे राहत्या जागेच्या बदल्यात करावी लागत, आणि त्यांचा हिशेब कोणी ठेवत नसे. धर्मसंस्थांच्या जमिनींवरही कुळे आणि मुंडकार होतेच. फुकट राबवून घेणाऱ्या राजाला शाप देणारा यिर्मया शास्त्रात असताना हे चालू होते. मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून संरक्षण मिळाले ते १९७५ च्या कायद्याने, आणि कुळांचे हक्क प्रस्थापित झाले ते १९६४ चा कूळ कायदा आणि त्याला पुढे १९७६ मध्ये झालेली दुरुस्ती यांमुळे; हे काम प्रवचनांनी केले नाही. सरकारची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर गोव्यापुरते इथेच अर्धे मिळते.

आधुनिक काळातील ख्रिस्ती विचाराला वळण मिळाले ते १५ मे १८९१ रोजी, जेव्हा पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम', म्हणजे 'नव्या गोष्टींविषयी', हे पत्र जगभरच्या चर्चला उद्देशून लिहिले. युरोपातील कारखान्यांत बायका आणि मुले बारा-चौदा तास राबत होती. दोनच वर्षे आधी लंडनच्या गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्स मिळावेत म्हणून संप केला होता आणि त्यात कार्डिनल मॅनिंग यांनी मध्यस्थी केली होती. गोव्यात तेव्हा गिरण्या नव्हत्या. इथला कामगार मुंबईच्या कुडींत, म्हणजे गोमंतकीयांच्या सामाईक वसतिगृहांत, राहून आगबोटींवर नोकरी शोधत होता. पोपनी समाजवाद नाकारला आणि खाजगी मालकीचा हक्क मान्य केला, त्यामुळे मालकवर्गाला हायसे वाटले असेल. पण त्याच पत्रात कामगारांना संघटना करण्याचा हक्क आहे, आणि मजुरी इतकी असलीच पाहिजे की काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा चरितार्थ चालेल, हेही ठामपणे लिहिले होते.

या पत्रातील जो विचार मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो संमतीविषयीचा आहे. त्या काळचे अर्थशास्त्र म्हणत असे की कामगाराने मजुरी कबूल केली, मालकाने ती दिली, व्यवहार मिटला. लिओ म्हणतात की उपासमारीच्या किंवा त्याहून वाईट गोष्टीच्या भीतीने जो माणूस पडेल तो दर मान्य करतो, त्याची ती संमती नसते. तो बळजबरीचा बळी असतो. दोन माणसांच्या कबुलीपेक्षा जुनी आणि वरची अशी न्यायाची एक पायरी आहे, आणि कोणताही करार तिच्याखाली उतरू शकत नाही. बरोबर ९१ वर्षांनी, १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांविषयीच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, वेगळ्या वाटेने येऊन, जवळजवळ हेच सांगितले. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठबिगारी आहे, कारण गरिबीची सक्ती हीदेखील सक्तीच आहे, असा तो निकाल होता. एक आधार बायबलचा आणि दुसरा घटनेचा, पण नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाकडे दोघांनी एकाच नजरेने पाहिले.

चरितार्थ म्हणजे कोणाचा, हा पुढचा प्रश्न. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी कामगाराच्या कुटुंबाचा खर्च भागेल अशी मजुरी हवी असे सांगितले, आणि १९८१ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी त्याला जोडून मुलांच्या संगोपनासाठी भत्ते, आरोग्यसेवा, विश्रांती, निवृत्तिवेतन हेही न्याय्य मोबदल्याचे भाग मानले. एखाद्या समाजाची अर्थव्यवस्था न्यायी आहे की नाही हे ओळखायचे असेल तर तिथला पगार पाहावा, असे ते म्हणतात. भारतात १९५७ च्या श्रम परिषदेने हाच हिशेब कॅलरी आणि कापड यांत मांडला: चार माणसांचे घर म्हणजे तीन खाणारी तोंडे, प्रत्येकी २,७०० कॅलरी, घराला वर्षाचे ७२ वार कापड, शिवाय घरभाडे, इंधन आणि किरकोळ खर्च. तिथे कामगाराचे एक पूर्ण माप आणि त्याच्या बायकोचे ०.८ धरलेले होते. चर्चच्या कुटुंबवेतनातही मिळवता पुरुष आणि घर सांभाळणारी स्त्री हेच चित्र गृहीत होते. काजूच्या कारखान्यात बसून दिवसभर काजू फोडणाऱ्या बाईला दोन्ही हिशेब आपले वाटणार नाहीत, आणि ही त्या विचारातील खरी उणीव आहे.

सरकारने किती करावे यावर ख्रिस्ती लोकांचे एकमत नाही, आणि ते होण्याची चिन्हेही नाहीत. श्रीमंताकडे स्वतःच्या रक्षणाची साधने असतात, गरिबाकडे नसतात, म्हणून सरकारने गरिबाची विशेष काळजी घ्यावी, असे लिओ यांनीच लिहिले होते. परंतु इटलीत मुसोलिनीची सत्ता असताना, १९३१ च्या पत्रात पायस यांनी एक मर्यादाही आखून दिली: जे काम कुटुंब, गाव किंवा संघटना स्वतः करू शकते, ते वरच्या सत्तेने हिसकावून घेऊ नये, खालच्याला जमत नसेल तेव्हा हात द्यावा. गोव्यातील माणसाला हे तत्त्व खाजन शेतीवरून, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीवरून, चटकन समजावे. खाऱ्या पाण्याला अडवणारे बांध आणि मानशी, म्हणजे पाण्याची दारे, गांवकारी ही गावातल्या मूळ घराण्यांची सामाईक संस्था सांभाळत असे, त्यासाठी जमिनीच्या पावणीतून, म्हणजे लिलावातून, पैसा काढत असे, आणि उरलेले गांवकारांना झोण, म्हणजे वाटा, म्हणून देत असे. पणजीहून कोणी अधिकारी येण्याची वाट पाहावी लागत नव्हती. कुळांच्या हाती जमीन आल्यावर बांध राखण्याची ही व्यवस्था विस्कटली आणि कित्येक शेतांत खारे पाणी शिरले, ही तक्रार आजही ऐकू येते. पण त्याच गांवकारीत झोण मिळायचा तो गांवकारांच्या घरच्या पुरुषांना. चिखलात उतरून बांध घालणाऱ्या मजुराचे नाव तिच्या वहीत नव्हते. छोटी संस्था जवळची असते म्हणून ती न्यायी असतेच असे नाही, आणि या तत्त्वाचे कौतुक करणारे हे अनेकदा विसरतात.

प्रोटेस्टंट परंपरेत सूर आणखी वेगळे आहेत. चांभाराचे काम संन्याशाच्या प्रार्थनेइतकेच पवित्र आहे, असे ल्यूथरने सांगून श्रमाची प्रतिष्ठा वाढवली. अठराव्या शतकात इंग्लंडमधील धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी, शक्य तितके मिळवा, शक्य तितके वाचवा आणि शक्य तितके द्या, असा उपदेश केला. त्यातली पहिली दोन वाक्ये लोकांनी पटकन उचलली. हॉलंडमध्ये अब्राहम कायपर यांनी कुटुंब, चर्च, उद्योग आणि सरकार यांना प्रत्येकी देवाने नेमून दिलेले स्वतंत्र क्षेत्र आहे असे मांडले, तर विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील वॉल्टर राऊशेनबुश यांच्यासारख्या पाळकांनी पाप हे व्यवस्थेतही असते आणि व्यवस्था कायद्यानेच सुधारावी लागते, असा आग्रह धरला. कॅथलिकांमध्येही, कल्याणकारी राज्य फार पसरले तर माणसांची उमेद मारते, असे १९९१ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी लिहिले. आणि ही अर्थव्यवस्था माणसांना मारते, असे २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी तर आपले नावच १८९१ च्या त्या पत्राची आठवण ठेवून घेतले, आणि या वेळची नवी गोष्ट कृत्रिम बुद्धिमत्ता असल्याचे सांगितले.

गोव्याच्या आजच्या परिस्थितीला सर्वांत जवळून लागू पडणारी कल्पना जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या पत्रातली आहे. तिला तिथे 'अप्रत्यक्ष मालक' म्हटले आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलातील खोल्या झाडणाऱ्या मुलाला पगार देतो तो कंत्राटदार, त्याला ठरवतो तो हॉटेलमालक, हॉटेलचा दर पाडून घेतो तो प्रवास विकणारा, स्वस्त खोली शोधतो तो पर्यटक, आणि तपासणीला निरीक्षक पाठवायचा की नाही हे ठरवते ते सरकार. ऑक्टोबर ते मे असा हंगाम, मग पावसाळ्यात हातावर काहीच नाही, आणि विचारावे तर प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. जॉन पॉल यांचे म्हणणे असे की मजुरीच्या अटी ज्यांच्या निर्णयांमुळे ठरतात, ते सगळे त्या मजुरीला जबाबदार असतात. आमच्याकडे नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याशी माडामागे किती, यावरून लहानपणी घरात चालणारी घासाघीस मला आठवते. तिथे मालक निदान समोर उभा होता आणि पाडेली त्याला दोन शब्द सुनावू तरी शकत होता.

सरकारने वाटावे की मिळवू द्यावे, हाही प्रश्न इथे उघडा आहे. गोवा सरकारच्या वृद्ध-निराधारांसाठीच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे किंवा गृहिणींसाठीच्या गृह आधारचे पैसे खात्यात येतात, त्यांनी अनेक घरे तगतात, आणि निवडणुकीच्या सभेत त्यांचा उल्लेख साहेबांनी दिलेली भेट असा होतो. ज्या गोष्टीला ख्रिस्ती विचार देणे म्हणतो तिचे देणगीत रूपांतर कसे होते, ते पाहायला यापेक्षा चांगली जागा नाही. खनिजाच्या बाबतीत याच्या उलट घडले. गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये निकाल दिला, तेव्हा लोहखनिजाच्या विक्रीच्या रकमेतील १० टक्के भाग पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकावा असा आदेश दिला. डोंगर खोदून काढलेला पैसा आजच्या खाणमालकाचा, आजच्या सरकारचा, इतकेच काय आजच्या गोमंतकीयांचाही पूर्णपणे नाही, असा त्याचा अर्थ आहे. चौथ्या शतकातील बासिलला तो समजावून सांगावा लागला नसता.

राहता राहिले स्वतः चर्च. १९७१ मध्ये रोम येथे भरलेल्या बिशपांच्या सभेने म्हटले की जो लोकांना न्यायाविषयी सांगू पाहतो त्याने आधी लोकांच्या नजरेत न्यायी असले पाहिजे, आणि चर्चची सेवा करणाऱ्यांना पुरेसा निर्वाह व सामाजिक सुरक्षा मिळाली पाहिजे. इगर्जीतील घंटा वाजवणारा, धर्मसंस्थेच्या शाळेतील कंत्राटी शिपाई, पाद्रींच्या घरी स्वयंपाक करणारी बाई, यांची पाग किती आणि ती महिन्याच्या कितव्या दिवशी हातात पडते, हा हिशेब प्रत्येक पारोकीत, म्हणजे एका इगर्जीच्या हद्दीत, मांडता येण्याजोगा आहे. माझ्या ओळखीच्या एका वयस्क पाद्रींनी तो आपल्या पारोकीपुरता मांडला होता. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या उत्सवाच्या, रोषणाईचा खर्च त्याच कागदावर शेजारच्या रकान्यात लिहून त्यांनी तो कागद समितीच्या बैठकीत फिरवला, आणि त्या दिवशी बैठक नेहमीपेक्षा बरीच लांबली.